बांगडीतली पिन

पिंपळे गुरवला उद्धवरावांच्या बैठकीत भिंतीवर एक रिकामा खिळा होता. बायकोचं, कुसुमताईंचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं तरी त्यावर फोटो काही चढला नव्हता, कारण धड फोटोच नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, हे ताईंच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेऊन बाई वळल्याच. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या दिसतात, नवरी नाही. उद्धवरावांच्या राजगुरुनगरच्या बहिणीनं, विजयश्रीनं, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तेव्हा ते भडकले.

"ही कुठली कुसुम? ही तर पोलिसांनी धरून आणल्यावानी दिसतीया!"

फोटो कपाटामागं गेला.

ताईंचा चेहरा चित्रात उतरला होता तो एकदाच, आणि तोही पार युक्रेनमध्ये. लेक सायली तिथं नदीकाठच्या एका शहरात डॉक्टरकी शिकत होती. तिचं ऑपरेशन झालं म्हणून आई धावली. सायलीची घरमालकीण म्हातारी चित्रकार. तिनं पोरीचं सगळं केलं होतं. तीच "जरा समोर बसा" म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार? ताई बसल्या. चित्र तिथल्या संग्रहालयात लागलं. सायलीनं चित्राचा फोटो घ्यायला मोबाइल काढला, तर आईनं दटावलं. म्युझियममध्ये आहे, जातंय कुठं, म्हणून सायलीनंही सोडून दिलं.

गेलं. युद्ध पेटलं, शहर शत्रूच्या ताब्यात गेलं आणि माघार घेताना त्या फौजेनं संग्रहालय धुऊन नेलं. चित्रं गाद्यांसारखी ट्रकात रचली. त्यांची नोंद असलेले कॉम्प्युटरही सोडले नाहीत. ताई तेव्हा होत्या. "बरं झालं, माझं थोबाड कुणाला बघाया नको," म्हणाल्या, आणि उद्धवरावही खो खो हसले. ते हसणं आता त्यांना खुपतं.

सायली नागपूरला नोकरीत. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू चाकणच्या कंपन्यांतले. शिफ्टवरून येतात, झोपतात, जातात. उद्धवराव निवृत्त झाले तरी सकाळी कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहतात. पूर्वी तिथं गप्पांचा फड जमायचा, आता ज्याच्या त्याच्या कानात मोबाइलची बोंडं. बस निघून गेली की म्हातारा एकटा माघारी फिरतो. पण एकटेपणाहून वाईट गोष्ट वेगळीच होती: कुसुम पुसट होत चालली होती. नाक आठवायचं, डोळे यायचे नाहीत. याची त्यांना फार भीती वाटायची आणि सांगायची कुणाला?

अशात सायलीचा फोन आला. शत्रूच्या मुलखातल्या दूरच्या कुठल्याशा शहरात ठेवलेली चोरीची चित्रं टीव्हीवर दिसली होती. संग्रहालयाची माणसं एकेक चित्र ओळखून हक्क सांगत होती, आणि त्यातल्या एकाचा फोटो त्यांनी तिथं शिकलेल्या भारतीय मुलांना धाडला होता, सायलीलाही.

"बाबा, पाठवलाय. नीट बघा. त्यांनी खाली लिहिलंय, भारतीय स्त्री असावी, बांगडीला धार्मिक ताईत."

फोटोत भिंतीशी टेकवलेल्या फ्रेमा, एकीवर एक. मागच्या फ्रेममधला फक्त एक हात दिसत होता, मांडीवर ठेवलेला. उद्धवरावांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि फिस्सकन हसले.

"अगं सायले, ताईत कसला! साडीची पिन हाय ती! जल्मभर बांगडीत अडकवून हिंडली. कितींदा माझ्या बोटात घुसलीया!"

मग ते बोटानं फोटो इकडंतिकडं सरकवू लागले.

"तोंड कुठाय तिचं?"

"पुढं दुसरी फ्रेम आहे, बाबा."

"मग त्येंला म्हणावं, जरा सरकवा की."

"मागणी केलीय, बाबा," सायली म्हणाली, "कधी देतील, देतील की नाही, कुणालाच माहीत नाही."

उद्धवरावांनी त्या हाताचा फोटो मोठा करून, काच घालून खिळ्याला लावला. वर्षश्राद्धाला विजयश्री झेंडूचा हार घेऊन आली. तिनं फोटोतला तो नुसता हात बघितला, जराशी घुटमळली, मग हार चढवायला टाचा उचलल्या. उद्धवरावांनी तिचं मनगट धरलं.

"हार नको, विजू."

"का रं, दादा?"

"हार मेलेल्याला घालत्यात. हिला नुसती धरून नेलीया."