मुद्रितशोधक आणि नव्वद मिनिटं

छापखान्यात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे वेलांटी. औषधाच्या खोक्यातलं पत्रक असो की शाळेची प्रश्नपत्रिका, मजकूर तीनदा वाचल्याशिवाय हा मुद्रितशोधक कागद पुढे जाऊ देत नसे. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला नव्हता.

बुद्धिबळात मात्र याच सवयीने त्यांचा घात केला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सामने होत. प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी नव्वद मिनिटं. चाल केली की शेजारच्या घड्याळाचं बटण दाबायचं, म्हणजे आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. वेलांटी चाल शोधत, तपासत, पुन्हा तपासत आणि शेवटी आधी सुचलेलीच खेळत. तीस चाली होईतो पटावर त्यांची बाजू भक्कम असे आणि घड्याळात उरलेली असत तीन मिनिटं. मग घाईत सोंगट्या आडव्या होत, वेळ संपे. त्या वर्षी असे सात डाव गेले.

"मी हरलो नाही, वेळ संपली," ते घरी येऊन सांगत.

"म्हणजे हरलात," बायको म्हणे.

ती शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पटावरचा तिला घोडा तेवढा ओळखू येई, पण मोजमापात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका रविवारी ती वही घेऊन प्रेक्षकांत बसली आणि नवऱ्याच्या प्रत्येक चालीला लागलेली मिनिटं टिपत गेली. संध्याकाळी तिने वही त्यांच्यापुढे ठेवली.

"पहिल्या चालीला चार मिनिटं?"

"सुरुवात महत्त्वाची असते गं."

"अहो, लग्न झाल्यापासून बघतेय, तीच मधली सोंगटी सरकवता. त्यात ठरवायचं काय असतं?"

वेलांटींनी वही चाळली. अकरा मिनिटं खाल्लेल्या एका जागी तर राजा हलवण्यावाचून दुसरा उपायच नव्हता. ते थोडे ओशाळले. मग दोघांनी मिळून नियम ठरवले: एकच चाल शक्य असेल तर लगेच खेळायची, दोन सारख्या वाटल्या तर आधी सुचलेली घ्यायची, आणि विसाव्या चालीला निम्मी वेळ हातात हवी.

पुढच्या सामन्यात समोर दंतवैद्य बाई होत्या. बाहेर पेशंट खोळंबल्यासारख्या त्या भराभर खेळत. तरीही विसाव्या चालीला वेलांटींकडे शेहेचाळीस मिनिटं होती. पुढे डाव किचकट झाला आणि आठच उरली. तेवढ्यात त्यांना झकास चाल दिसली. उंटाने त्यांनी बाईंचा हत्ती मारला आणि त्या आनंदात बटण दाबायचंच विसरून हनुवटीला हात लावून बसले.

वेळ त्यांचीच जात होती. बाईंनी मान खाली घातली. आठवण करून देणं काही त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. प्रेक्षकांना तर बोलायला सक्त मनाई. बायकोने दोन मिनिटं कळ काढली, मग ती खोकली. वेलांटींनी वर पाहिलं. ती आणखी जोरात खोकली आणि डोळ्यांनी घड्याळाकडे खुणावू लागली.

वेलांटी काळजीने उठले, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून घेऊन आले.

"आधी पाणी पी," ते पुटपुटले. "घोट घोट घे."

ती मानेने नाही नाही म्हणत होती. ते पेला संपेपर्यंत उभे राहिले. शेवटी पंच आले.

"बाई, तुम्ही बाहेर जाऊन खोका."

वेलांटी जागेवर परतले तेव्हा घड्याळात दोन मिनिटंही नव्हती. त्यांनी दचकून बटण दाबलं. बाईंनी लगेच चाल केली. आता पुन्हा तपासायला सवडच नव्हती. दिसेल ती चाल खेळायची आणि बटण दाबायचं. गंमत म्हणजे त्या चाली बऱ्या निघाल्या. त्यांना विचाराला उसंत मिळू नये म्हणून बाईही घाई करू लागल्या, आणि त्या घाईत त्यांनी आपला वजीर घोड्याच्या तोंडी दिला. त्या क्षणभर पटाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी हसून हार मानली आणि हात पुढे केला. वेलांटींची एकोणीस सेकंदं शिल्लक होती.

बायको जिन्यात बसली होती.

"जिंकलो," ते म्हणाले. "तुझा घसा कसा आहे?"

"घशाला काय झालंय? बटण दाबा म्हणून खोकत होते."

वेलांटी दोन पायऱ्या उतरले आणि मागे वळले.

"मग पाणी का प्यायलीस?"

"तुम्ही हलतच नव्हता ना तिथून."