बुडून परत येणारा

लालबागच्या बाजारात मासळी कापणारी एक कोळीण मोबाइलवर मुखवटाधारी खुन्याचे चित्रपट पाहत असे. दहाही भाग तिने पाहिले होते. कुतूहलाने मी विचारले, “भीती नाही वाटत?”

“कसली, मास्तर? त्याला सुरी धरता येत नाय! पण दर भागात बुडतो नि पुढच्याला परत येतो.”

तिच्या एकाच हातात हिरवा चुडा होता. दुसऱ्या हातातला, कोळ्यांच्या रीतीप्रमाणे, नवऱ्याच्या रक्षणासाठी दर्याला वाहिलेला. नवऱ्याची होडी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली, ती परतलीच नव्हती.

आता त्या चित्रपटांच्याच कथेवर टीव्ही मालिका आली होती. मोबाइलवरची तिची माहिती माझ्यापुढे धरत कोळीण म्हणाली, “यात तो येतो का, वाचून सांगा.”

मी वाचले. मालिकेत तो कुठेच नव्हता. वर्गात नेमक्या उत्तराचा आग्रह धरणारा मी म्हणालो, “पहिल्या भागात नाही.”

“मग येल,” म्हणत तिने पुढचे पापलेट उचलले.