पंखातल्या टाकीचं झाकण

विमानाचं इंधन त्याच्या पंखांत भरलेलं असतं, हे उमरठकडच्या आमच्या वाडीत अजूनही कुणाला खरं वाटत नाही. पंखाच्या पोटाला माणूस जेमतेम शिरेल एवढी लंबगोल भोकं असतात. टाकी रिकामी करून, आत वारा सोडून कोरडी केली की तिथून आत सरपटत जायचं, गळती शोधायची आणि बुजवायची. मी अंगानं काटकुळा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मुंबईला विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये मला चिकटवलं भावोजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्यानं. त्यांचं गाव पोलादपूरच्या अलीकडे. मी टाकीत असलो की बाहेर भोकाशी तेच उभे राहायचे. बाहेरच्या माणसानं जागा सोडायची नाही आणि आतल्याची खबर घेत राहायचं, एवढंच त्याचं काम. "काय रे, हायस ना?" ते विचारायचे. तोंडावर मास्क असल्यामुळे मी पत्र्यावर टकटक करून उत्तर द्यायचो.

त्या दुपारी मी भोकापासून दोन कप्पे आत होतो. कप्प्यांच्या मधल्या पत्र्यातून कमरेपर्यंत पलीकडे गेलेलो, पाय अलीकडे. शिफ्ट बदलायची वेळ झाली होती. भावोजींचा आवाज थांबला, पण मी कामात होतो, फारसं लक्ष दिलं नाही. मग टाकीत ताजी हवा सोडणारी नळी हलली आणि सरसर बाहेर गेली. मला वाटलं, सांधा निसटला असेल, लावतील. तेवढ्यात मागून येणारा उजेड कमी झाला. मान वळवायला जागा नव्हती. काखेतून मागं बघितलं, तर भोक अर्धं झाकलेलं होतं. मग पूर्ण झाकलं गेलं. बाहेरून स्क्रू आवळल्याचा आवाज येऊ लागला.

मी हातातली पट्टी पत्र्यावर आपटली. पण हँगरमध्ये कुणी ना कुणी काही ना काही ठोकतच असतं. मास्क वर करून ओरडलो, तर गळती बुजवायच्या सीलंटच्या वासानं घसा धरला. मागं सरायला गेलो आणि कमरेचा पट्टा कुठंतरी अडकला. घाईनं ओढला तसा आणखी घट्ट झाला. तेव्हा मी रडलो. लहान पोर रडतं तसा. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही, रडू आलं म्हणून.

झाकण निघालं तेव्हा सगळ्यात आधी भावोजींचा हात आत आला. ते माझ्या पायाचा घोटा चाचपत होते आणि माझं नाव घेत होते. काय झालं ते मला नंतर कळलं. पलीकडच्या विमानाला हात लावायला सुपरवायझरनं त्यांना बोलावलं होतं. "दोन मिनिटं ये." तिकडची दोन मिनिटं लांबली. इकडे नवी शिफ्ट आली, भोकाशी कुणी नाही असं बघून काम संपलं समजली, आणि त्यांनी आवरायला घेतलं. भावोजी परत आले तेव्हा त्यांना पंखाखाली मी आत जाताना काढून ठेवलेले बूट दिसले.

डॉक्टरांनी सुट्टी दिली आणि मी गावी आलो. इथे मोकळं वाटेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तसं झालं नाही. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना डोंगर उभे आहेत. जन्मापासून बघितलेले ते डोंगर मला अंगावर आल्यासारखे वाटायला लागले. न्हाणीचं दार लावून घेता येईना. आई बाहेर पडदा धरून उभी राहायची.

त्यातच सुपरवायझरचा फोन आला. आवाज मऊ होता. "चौकशी होणार. मी बोलावलं होतं हे मध्ये आणू नको. तुझ्या भावोजींना नुसता मेमो मिळेल, मी बघतो. माझं नाव घेतलंस तर मग त्याची नोकरी माझ्या हातात नाही राहणार."

मी आईला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तू जिता हायस ना? मग झालं. जावयाची भाकरी कशाला घालवतोस?"

म्हणजे मी खरं बोललो तर ताईचं घर बसणार. आणि गप्प राहिलो तर सगळी चूक एकट्या भावोजींच्या गळ्यात पडून उद्या दुसऱ्या कुणालातरी 'दोन मिनिटां'साठी बोलावलं जाणार. मी जेवायचं टाकलं.

रविवारी भावोजी आणि ताई आले. ताई त्यांच्याशी बोलत नव्हती, हे पाण्याचा तांब्या तिनं ज्या तऱ्हेनं ठेवला त्यावरून कळलं. भावोजी मला म्हणाले, "चल, सवला जाऊन येऊ. गरम पाण्यात अंग सुटंल."

सवच्या गरम झऱ्याच्या कुंडावर गर्दी नव्हती. मी काठावर पाय सोडून बसलो, पाण्यात उतरलो नाही. ताई बाजूला बसली. भावोजी उभेच राहिले.

"माझी चूक हाय असं मी लिहून देतो," ते म्हणाले. "त्यानं बोलावलं, पण गेलो तो मीच."

"तुम्ही नाय म्हणाला असतात तर?" मी विचारलं.

"नाय म्हणायची सवयच नाय रे तिथं कुणाला."

ताई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "जे झालं ते सगळं सांग. हे गेले तेपण आन् ह्यांना कुणी बोलावलं तेपण. अर्धं सांगितलंस तर माझ्या दारात येऊ नको."

एवढ्या अबोल्यातही ती 'ह्यांना' म्हणाली, तेव्हा भावोजींनी तोंड फिरवलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. भावोजींनीही तेच सांगितलं. सुपरवायझरला त्या विभागातून हलवलं. भावोजी काही महिने घरी बसले. ते दिवस ताईनं शिवणकामावर काढले आणि त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. पुढे त्यांना स्टोअरमध्ये घेतलं. मी आता चाकं आणि ब्रेक बघतो, उघड्यावर. टाकीत पुन्हा गेलो नाही आणि जाणारही नाही.

मागच्या शिमग्याला खेडला आत्याकडे जायचं होतं. गाडी भावोजी चालवत होते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून सगळे तिकडूनच जातात. बोगद्याची पाटी दिसली आणि माझे तळहात भिजले. मी काही बोललो नव्हतो, अंगही हललं नव्हतं. भावोजींनी गाडी जुन्या घाटाच्या रस्त्याला वळवली.

"उशीर होईल," ताई म्हणाली.

"होऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या बाजूची काच खाली केली.