कतरगामच्या रस्त्यावरचे झेंडे

मी जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिचं नाव सुशीला. घरात आणि गल्लीत सगळे तिला आक्काच म्हणतात. आई-वडील लवकर गेले. आक्कानं सातवीतून शाळा सोडली आणि ती निपाणीच्या तंबाखू वखारीत कामाला जाऊ लागली. तिच्या त्या कष्टावर मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आज बेळगावात कॅम्पातल्या एका कचेरीत मला नोकरी आहे, अनगोळला भाड्याचं का होईना, दोन खोल्यांचं घर आहे. आक्का मात्र वखारीतच राहिली होती आणि तिचा खोकला थांबत नव्हता. तंबाखूची धूळ सुटली नाही तर छाती कामातून जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तिला न्यायला जायचो आणि ती प्रत्येक वेळी हसून टाळायची. "तुझ्या घरात पाव्हनीगत बसून खाऊ व्हय रं? हात चालत्यात तवर चालूंद्यात." फोनवर विषय काढला तर, जेवलास काय, असं विचारून दुसरीकडे वळवायची.

त्या काळात माझा देवावरचा विश्वास पातळ झाला होता. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलो, मंगळवार धरले. आक्का हलली नाही. कचेरीतले एक तमिळ सहकारी श्रीलंकेतल्या कतरगामच्या कार्तिकस्वामीबद्दल नेहमी सांगायचे. तिथं गेलेला रिकामा परतत नाही, हे त्यांचं म्हणणं मला फारसं पटलं नव्हतं. पण सायकलवर लांब फिरायची मला पहिल्यापासून आवड आहे. स्वस्तातलं तिकीट मिळालं, तिथं भाड्यानं सायकल मिळते असंही कळलं, आणि मी निघालो. निघताना आक्काला भेटलो तर म्हणाली, "लंकेला चाललास? शेपूट हाय काय तुला?" मग खोकत खोकत आत गेली आणि यल्लम्माचा भंडारा पुडीत बांधून आणला. तिथल्या देवाच्या पायाशी ठेव म्हणाली. काय मागू, असं मी विचारलं नाही. माझं मागणं ठरलेलंच होतं.

लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हंबनतोटाहून मी सकाळी भाड्याच्या सायकलवर निघालो तेव्हा रस्ता विलक्षण शांत होता. त्या दिवशी त्यांची वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धजयंती होती आणि वाटेवरची लहान दुकानं बंद होती. मला हे ठाऊक नव्हतं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं, सावली कुठेच नाही. बाटलीतलं पाणी लवकर संपलं. बिस्किटाचा पुडा आदल्या दिवशीच संपला होता.

पुढे एका गावाच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यातली माणसं हातात झेंडे घेऊन रस्त्यात उभी दिसली. येणारी प्रत्येक गाडी ती अडवत होती. मी मनात म्हटलं, आली वर्गणी. आमच्याकडे शिवजयंतीला, गणपतीला पोरं रस्त्यावर आडवी दोरी धरून गाड्या अडवतात. मीही पावतीपुस्तक घेऊन निपाणीत पी. बी. रोडवर उभा राहिलेला आहे; कुणी निसटू नये म्हणून कसं उभं राहायचं आणि कसं निसटायचं, दोन्ही मला येतं. मान खाली घातली, बसच्या आडोशानं सायकल काढली. मागून ते हाका मारत राहिले. पुढच्या गावात पुन्हा तेच, आणि मी पुन्हा तसाच निसटलो. पदरचे मोजके पैसे वाचवले याचं समाधानही वाटलं.

तिस्समहाराम गावाच्या पुढे डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. घाम यायचा थांबला होता. मी पहिल्यांदा घाबरलो. परक्या मुलखात इथंच पडलो तर आक्काला कोण कळवणार, आणि तिला त्या धुळीतून कोण काढणार? मनात म्हणालो, देवा, आता माझ्यानं होत नाही, काय करायचं ते तू कर. एवढ्यात समोर पुन्हा झेंडे दिसले. निसटायची ताकद उरली नव्हती. एकानं सायकलचं हँडल धरलं. मी हात हलवून "नो मनी, नो मनी" म्हणालो. ते सगळे हसू लागले. "नो मनी," तो म्हणाला, "ईट."

आणि रस्त्याकडेच्या मांडवाकडे वळून त्यानं हाक मारली, "अक्का!"

परदेशातल्या त्या उन्हात ती हाक ऐकून मी सायकलवरून खाली उतरलो. थोरल्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात, हे मला नंतर कळलं. हातात पळी घेतलेली एक मध्यमवयीन बाई बाहेर आली. तिनं मला सावलीत बसवलं, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, कसल्याशा फुलांचा गुळमट काढा घोटाघोटानं पाजला आणि मग भात वाढला. त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून जेवू घालायचं, ही त्यांची रीत. मी सकाळपासून ज्यांना चुकवत आलो होतो ते सगळे मला जेवायलाच बोलावत होते. उठताना मी तिला वाकून नमस्कार केला. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि आणखी एक पुडकं सायकलला बांधलं.

संध्याकाळी कतरगामला पोचलो. देवाच्या पायाशी भंडारा ठेवला, पण तोंडून मागणं निघेना. उन्हात देवाकडे मागितलेली मदत सकाळपासूनच वाटेत उभी होती, मीच वळसा घालत होतो, असं वाटत राहिलं. देवळाबाहेर बसून आक्काला पत्र लिहिलं. फोनवर तिनं ऐकून घेतलं नसतं. पत्र मी परतल्यावर बऱ्याच दिवसांनी निपाणीत पोचलं. त्याच आठवड्यात आक्का आपली ट्रंक घेऊन अनगोळच्या दारात उभी राहिली. हा चमत्कार की काय, ते मी सांगू शकत नाही. पत्र असं होतं:

"ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

तुझा भंडारा पोचवला. आज वाटेत माणसं झेंडे घेऊन उभी होती. मला वाटलं वर्गणी मागत्यात, म्हणून दोनदा चुकवून पळालो. ती जेवायला बोलवत होती. तिसऱ्यांदा पाय थकले म्हणून थांबलो आणि वाचलो. एका बाईनं तुझ्यागत वाढलं, आणि मी गप खाल्लं. पाव्हन्यागत वाटलं न्हाय.

आक्का, मी कितीदा तुझ्या दारात आलो, तू दरवेळी चुकवून गेलीस. मी तुझ्याकडं काय मागायला येत न्हाय गं. मी झेंडा घेऊन रस्त्यात उभा आहे. तुझे पाय थकायच्या आत थांब.

तुझा धाकटा."