आम्ही मुरूडचे फॉरेनवाले

परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाकडे दुसरं काही साठत नाही. कपाट घ्यायचं म्हटलं की मनात येतं, कशाला, उद्या परत जायचंय. खाट घ्यायची तर तेच. किश्श्यांना मात्र जागा लागत नाही, म्हणून ते आपोआप वाढत जातात.

मुरूडात आम्ही गोव्याचे तिघे होतो. मी शाळेत मास्तर, इनास पाववाला आणि बाबल शिंपी. देश स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगीजांकडेच राहिला होता. पंचावन्न साली सरहद्द बंद झाली आणि आम्ही अलीकडे अडकलो. माड तेच, समुद्र तोच, बाजारात बांगडाही तोच, पण घर परदेशात!

*

एसटी स्टँडजवळ हमीदभाईंचं चहाचं हॉटेल होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, गाव कुठलं?"

"गोवा."

"म्हणजे फॉरेन!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. धोतर, टोपी, बगलेत छत्री. "दिसत तर नाही."

आठवड्याभरात गावभर झालं. कुणाला माझ्याकडून फॉरेनचं ब्लेड हवं, कुणाला सेंट, कुणाला मनगटी घड्याळ. मी नाही म्हटलं की लोकांना वाटे, मास्तर भलताच सावध माणूस आहे! शेवटी हमीदभाईंनीच चार लोकांत निकाल दिला, "अरे, त्याला काय विचारता? मास्तर फॉरेनचा असला तरी माल देशी आहे!"

*

इनासची भट्टी कोळीवाड्याच्या टोकाला होती. गोव्यात पावाचं पीठ माडीवर, माडाच्या आंबवलेल्या रसावर फुगवतात. इथे दारूबंदी, त्यामुळे माडी सापडली की खटला. नीरा मात्र चालत असे. म्हणून इनास पहाटे नीरा आणायचा आणि ती आंबेपर्यंत भट्टीमागे ठेवून विसरून जायचा. रोज विसरायचा!

एकदा दारूबंदीचे साहेब ऐन दुपारी आले. मडक्यात नाक घालून गरजले, "ही तर माडी आहे!"

इनासनं हात जोडले. "सायबा, सकाळी नीराच होती. उशीर तुम्ही केला!"

साहेबांना हसू आवरेना. जाताना पाव विकत घेऊन गेले.

*

रविवारी आम्हा तिघांना करमत नसे. मग आगरदांड्याला जाऊन धक्क्यावर बसायचं. खाडीपलीकडे, गोव्याच्या दिशेला, दिघी दिसते. तिथून उतारूंची होडी, म्हणजे तरी, सुटते, येते, पुन्हा सुटते. आम्ही नुसतं बघत राहायचो.

एकदा बाबलनं तरीवाल्याला विचारलं, "दिघीच्या पलीकडे काय?"

"बोर्ली पंचतन."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"श्रीवर्धन हाय."

"आणि त्याच्याही पलीकडे?"

तरीवाल्यानं वल्हं खाली ठेवलं. "शिंपीदादा, माझी तरी दिघीपातूर जाते. त्याच्या फुडं बगायचं आसंल तर उतरून चालायला लागा!"

बाबल खरंच उठला होता. इनासनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

*

आमच्या घरातलं घड्याळ हा गावात चेष्टेचा विषय होता. गोव्याचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे असे. माझी पत्नी शालिनी माहेराहून एक चावीचं घड्याळ घेऊन आली होती. त्याचा काटा तिनं कधी हलवू दिला नाही.

कारण साधं होतं. तिची आई विधवा, घरात एकटी. निघताना आई तिला म्हणाली होती, "मी आठांना जेवते. तूही आठांनाच बस, म्हणजे मी एकटी जेवले असं होणार नाही." सरहद्द बंद झाल्यावर भेट नाही. मी तिकडे एका सभेत घोषणा दिल्या होत्या, तेव्हा आमच्या घराला परवाना मिळणं शक्यच नव्हतं. पत्रं वाटेत फोडून वाचली जात, म्हणून क्षेमकुशलापलीकडे कुणी काही लिहीत नसे. राहता राहिलं ते जेवण. गोव्यात आठ वाजले की शालिनी पान वाढून घेई. मुरूडात तेव्हा साडेआठ झालेले असत.

हेडमास्तर एकदा रात्री जेवायला आले. भूक लागलेली, आणि घड्याळ काही आठावर येईना. शेवटी त्यांनी स्वतःचं मनगट पुढे केलं. "वहिनी, तुमचं घड्याळ चुकतंय हो."

"घड्याळ बरोबर आहे," शालिनी शांतपणे म्हणाली. "गाव चुकीचं आहे!"

त्याच घड्याळावर विसंबून मी एकदा अलिबागची एसटी चुकवली. धावत स्टँडवर पोचलो तर नुसती धूळ. हमीदभाईंनी चहा पुढे सरकवला. "बसा मास्तर. तुमच्या देशात गाडी अजून यायची आहे!"

*

सरहद्द बंद असतानाच शालिनी तापानं गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिकडे तार केली. तार पोचल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं.

तेराव्यानंतर हमीदभाई घरी आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांची नजर फळीवरच्या घड्याळाकडे गेली. "मास्तर, आता काटा पुढे करून देऊ का?"

"राहू दे," मी म्हटलं.

"मग तुमची एसटी चुकत राहणार."

"चुकू दे."

चांगुणा कोळीण दारात मासळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्यांच्या घड्याळाला हात नका लावू भाई. मास्तर अजून पान घेऊन थांबतात. मी बगते ना." मला वाटत होतं, हे कुणाला ठाऊक नाही.

*

बाबलनं दुकानात खाट घेतली नव्हती. कापड बेतायच्या टेबलावरच झोपायचा. "उद्या जायचंय, खाट काय करू?" असा त्याचा सवाल. चांगुणानं त्याला नारळाचं रोप आणून दिलं, तर तो दचकलाच. "ह्याला फळ धरेपर्यंत मी इथंच राहायचं की काय?" तिनं ते स्वतःच त्याच्या दुकानामागे लावलं.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटल्याची बातमी हमीदभाईंच्या रेडिओवर आली. इनासनं त्या दिवशी गावाला फुकट पाव वाटले. बाबल मिळेल त्या गाडीनं निघाला. निरोप घ्यायलाही थांबला नाही.

महिन्याभरात परत! आम्ही विचारलं, "काय रे, घर कसं आहे?"

"घर आहे," तो म्हणाला. "भावानं प्रेमानं जेवू घातलं. पान वाढता वाढता विचारलं, परत कधी जातोस?"

त्याच संध्याकाळी त्यानं खाट विकत घेतली. मागच्या माडाला फळ धरलं होतं. चांगुणानं नारळ आणून खाटेवर ठेवला आणि म्हणाली, "बसा आता, मुरूडकर!"

*

मी गोव्याला, सासुरवाडीला निघालो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. जायचं नव्हतं, आणि इथे राहवतही नव्हतं. ज्या दारातून त्यांची लेक घेऊन निघालो होतो, त्या दारात आता एकटाच कसा उभा राहणार? बरोबर काय न्यावं सुचेना. घड्याळाला चावी कोण देणार म्हणून तेच पिशवीत घातलं.

सासूबाई ओसरीवर होत्या. मला पाहून रडल्या नाहीत. "ये बाबा," म्हणाल्या आणि पाणी आणून दिलं. शालिनीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

शेजारचे एक गृहस्थ गप्पा मारायला आले. मुलूख भारतात आल्यावर सगळ्यांना घड्याळं अर्धा तास पुढे करावी लागली, त्यात कसा गोंधळ उडाला ते रंगवून सांगत होते. "देवळातली आरती चुकली, भटजी चुकले! साऱ्या वाड्यात एक ह्या बाईंचं घड्याळ तेवढं बरोबर निघालं."

ते गेल्यावर मी विचारलं, "आई, तुमचं घड्याळ आधीच पुढे होतं?"

"पहिल्यापासून," भात ओतता ओतता त्या म्हणाल्या. "तुमच्या मुरूडच्या वेळेवर लावून घेतलं होतं. शालू तिथं आठांना जेवते ना? मग मला तिचे आठ नको का कळायला?"

मी पिशवीतून घड्याळ काढलं आणि फळीवर त्यांच्या घड्याळाशेजारी ठेवलं. त्यांच्या घड्याळात आठ वाजत होते. शालिनीच्या घड्याळात साडेसात.

सासूबाईंनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. पुष्कळ वेळ पाहिलं. पानं मांडलेली होती, भात वाफाळत होता. त्यांनी त्यावर पुन्हा झाकण ठेवलं आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"थांब, बाबा," त्या म्हणाल्या. "तिचे आठ वाजू दे."