चावी काढल्यावर चालणारी गाडी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो... निदान जायचो. मी गाड्यांचा वायरमन. माझ्या लेखी करंट असतो, नाहीतर नसतो. तिसरं काही नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढे वाचून उगाच डोकं पिकवून घेऊ नये.

सत्त्याण्णव साल असेल. पेणला धरमतरच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. रोह्याजवळच्या वरसे गावातला नासिर टेम्पोच्या मागे बांधून एक गाडी घेऊन आला. लाल, दोन दारांची जपानी टर्बो, स्टिअरिंग डावीकडे! त्याच्या थोरल्या भावाने, इरफानने, कुवेतहून आणलेली. पुढच्याच फेरीला इरफान तिकडे अपघातात गेला आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली.

"अम्मी रोज सांजची तिच्यात जाऊन बसते," नासिर म्हणाला. "तिला गाडी चालू पायजे. पण भाऊ, धड होत नसंल तर सांग. भंगारात देऊन टाकतो."

मला असं कुणी म्हटलं की चेव येतो. ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर यायचा आणि गाडी ओढायची नाही. टर्बोतून इंजिनकडे हवा नेणारा रबरी पाइप खालच्या अंगाला फाटला होता. हेडलाइट मंद होते ते अर्थिंगमुळे. खाऱ्या वाऱ्याने पट्टी हिरवी पडून कुजली होती. दोन्ही बदललं, जोरात एक चक्कर मारून आलो आणि चावी काढली.

इंजिन चालूच.

मिनिटभर निवांत चाललं आणि आपोआप थांबलं. मला हसू आलं. गाडी पळवल्यावर टर्बो तापलेला असतो, त्याला तेल मिळत राहावं म्हणून इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवतात. त्यासाठी टायमरही मिळतो. तोच असणार, म्हणून डॅशबोर्ड उघडला... टायमर नव्हताच.

पुन्हा चालू केली, चावी काढली, कॉइलवर मीटर लावला. शून्य! स्पार्क नाही, मग पेट्रोल पेटतं कशाने? पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रिले उपटला. तरी चालूच — आणि खोकत, गचके खात नाही, अगदी मऊ. शेजारच्या गॅरेजमधून दुसरा मीटर आणला, तोवरही थांबलं नव्हतं. शून्य. बऱ्याच वेळाने आपलं आपण थांबलं तेव्हा मी पाना भिंतीवर फेकला. खरं सांगतो, घाबरलो होतो. जेवण जाईना, हातातली दुसरी कामं सुचेनात. सारखा उठून त्या गाडीपाशी जायचो आणि हात न लावता परत यायचो.

शेवटी नासिरला सांगितलं. तो तडकलाच. "अम्मी आत बसलेली असते रे! बंद न होणारी गाडी दारात नको. भंगारवाल्याला बोलावतो."

"आधी तुझ्या अम्मीला तरी सांगू," मी म्हटलं.

वरशाला गाडी मीच नेली. अंगणात लावली, चावी काढून हातात घेतली. इंजिन चालूच. नासिरची अम्मी, फातिमाचाची, ओट्यावरून उतरली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. मला वाटलं घाबरेल. तिचा चेहरा उजळला होता.

"इरफान अशीच ठेवायचा," ती म्हणाली. "मी भायेर येईपर्यंत बंद करायचा नाय. बाजूला बसवून दिवसभरात काय झाला ता सगला सांगायचा, मंग बंद."

"अम्मी, उतर!" नासिर ओरडला. "उद्या जाणार ही भंगारात!"

चाचीने डॅशबोर्डवर हात ठेवला. "आयकलास ना बाबा? तुझी गाडी तोडतील. बस झाला आता. बंद कर... नि जा."

इंजिन तिथेच थांबलं. चावी माझ्या हातातच होती.

त्यानंतर गाडीने तसं कधीच केलं नाही. मी कितीदा तपासली, मुद्दाम पळवून आणली. चावी फिरवली की लगेच बंद. का चालत होती, का थांबली, मला आजही सांगता येत नाही. कुणा वायरमनला येत असेल तर त्याने जरूर सांगावं, मी त्याचे पाय धरीन. गाडी वाचली, नासिर खुशीत ती रोह्यात फिरवायला लागला.

पुढे एकदा वरशाला गेलो तेव्हा चाची ओट्यावर बसली होती. गाडी समोरच उभी.

"काय चाची, बसत नाय आता गाडीत?"

तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाशी बोलायला बसू रं?"