अण्णांना अथेन्स दाखवायला लंडनला

अण्णांची परतीची फ्लाइट मंगळवारी होती आणि मला साक्षात्कार झाला त्याच्या आदल्या बुधवारी. लंचच्या सुट्टीत फोन चाळताना कुणीतरी टाकलेला फोटो दिसला: लंडनच्या एका म्युझियममध्ये भिंतभर तेच चित्र! उंच कमानी, रुंद पायऱ्या आणि त्यांवर वाद घालणारे, लिहिणारे, चक्क लोळणारे अथेन्सचे ग्रीक तत्त्वज्ञ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. फोटोखालचं काही न वाचता मी शनिवारची नॉटिंगहॅम-लंडन तिकिटं काढून मोकळी झाले.

तेच चित्र म्हणजे कोणतं ते सांगते. माझे वडील, अण्णा, कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. ड्रॉइंगच्या वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून या चित्राचं मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. रंग उडून त्यातले सगळे तत्त्वज्ञ निळे पडले होते. दरवर्षी नववीच्या वर्गाला अण्णा ते दार उघडून दाखवायचे. घरी म्हणायचे, "एकदा हे खऱ्या आकारात बघायचंय." आता त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं होतं की इंग्लंडची ही शेवटची वारी. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

आणखी एक गोष्ट होती. मी बारा वर्षांची, त्यांच्याच शाळेत असताना आंतरशालेय स्पर्धेत माझ्या हरणांच्या चित्राला कप मिळाला. हरणं कॅलेंडरवरून उतरवलेली होती. अण्णांनी ओळखलं. त्यांच्या वर्गाचा नियम होता: नक्कल खुशाल करा, पण खाली लिहा, कशावरून केली आणि कोणी केली. लिहिलं तर ते शिकणं, नाही लिहिलं तर चोरी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्यांनी मला ते कबूल करायला लावलं आणि कप परत करायला लावला. त्यानंतर मी पेन्सिल धरली नाही. त्यावर आम्ही कधी बोललोही नाही. बापलेकीचं बाकी सगळं छान होतं, एवढंच राहिलं होतं.

शनिवारी सकाळच्या ट्रेनने आम्ही तिघं निघालो, मी, अण्णा आणि माझी दहा वर्षांची इरा. (लहान मूल बरोबर असेल तर फॅमिली रेलकार्ड काढाच, तिकिटं बरीच स्वस्त पडतात.) पावणेदोन तासांच्या प्रवासाला अण्णांनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी घेतली होती. डबा उघडल्यावर समोरच्या बाईंनी हसून खिडकीकडे तोंड वळवलं.

"आजोबा, ग्रीक मुलं युनिफॉर्म घालायची का?" इराची सरबत्ती सुरू झाली.

"आपल्यासारखी शाळाच नव्हती. गाणं, कसरत आणि अक्षरं शिकायची. मोठं झालं की एखाद्या तत्त्वज्ञाच्या मागे बागेत फिरायचं. तो चालता चालता शिकवायचा."

"आणि होमवर्क?"

"वाद घालायचा. तोच होमवर्क."

"मम्मी, सी? मी रोज होमवर्क करते!"

मग अण्णांनी तिला त्या अथेन्सच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो बाजारात उभा राहून लोकांना नुसते प्रश्न विचारायचा, स्वतः एक ओळ लिहिली नाही, आणि शेवटी त्याला विषाचा पेला प्यावा लागला.

"जस्ट फॉर आस्किंग क्वेश्चन्स?"

"चारचौघांत विचारायचा ना. भल्याभल्यांची फजिती व्हायची. ते माणसाला विसरता येत नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

सेंट पँक्रसहून पिकॅडिली लाइनने थेट साउथ केन्सिंग्टन. सूचना: तिथे जिने आहेत. गुडघेवाल्यांना घेऊन जाणार असाल तर बस घ्या. मी घेतली नाही आणि अण्णांनी प्रत्येक पायरीला "हं" केलं. म्युझियमला प्रवेश फुकट. मधल्या चौकात उथळ पाण्याचं तळं आहे, तिथे इराने बूट भिजवले आणि आम्ही उरलेल्या पुऱ्या संपवल्या.

मग तो हॉल. दोन मजले उंच, काचेचं छप्पर आणि मधोमध इटलीतल्या त्या गोफणवाल्या तरुणाचा प्रचंड पुतळा, अंगावर सूतही नाही. इरा फिसकन हसली. अण्णांनी सरळ त्याच्या पायाचा अंगठा निरखायला सुरुवात केली. मी मात्र वर बघितलं. टोकाच्या भिंतीवर, उंच, ते चित्र होतं. आणि कोणीही निळं पडलेलं नव्हतं! केशरी, हिरवे, जांभळे झगे. मी धावत जाऊन पाटी वाचली.

मूळ चित्रकाराचं नाव. त्याखाली दुसरं नाव. आणि शब्द: कॉपी. मूळ चित्र रोममध्ये.

गुडघ्यांचे हाल करून, शेवटच्या शनिवारी, मी त्यांना आणलं ते नक्कल बघायला. परत फिरले तेव्हा माझा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "अण्णा, सॉरी. हे खरं नाहीये. कॉपी आहे."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "मूळ पोपच्या महालात भिंतीवर काढलेलं आहे. ती भिंत इथे कोण उचलून आणणार? दरवर्षी नववीला सांगायचो. तुझं लक्ष नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी खुशीत होतीस." मग चित्राकडे बोट करून ते इराला म्हणाले, "ते मधले दोघं बघ. म्हातारा, त्या विषाच्या पेल्यावाल्याचा शिष्य, वर बोट दाखवतो. त्याचं म्हणणं, खरं ते वर असतं, इथलं सगळं म्हणजे त्याच्या नकला. शेजारचा त्याचाच विद्यार्थी. तो हात जमिनीकडे करून म्हणतो, गुरुजी, इथलंच नीट बघा."

"टीचरला असं बोलला? मग पनिशमेंट?"

"नाही. चित्रकाराने दोघांना शेजारी उभं केलं. दोन हजार वर्षांनी." अण्णांनी पाटीकडे बोट केलं. "आणि हा नक्कल करणारा बघ. एवढं मोठं काम उतरवलं, कॉपी म्हणून पाटीवर त्याचं नाव आहे. या हॉलमधलं सगळं असंच, इटलीला जाऊ न शकणाऱ्या पोरांनी शिकावं म्हणून केलेलं. आम्हाला चित्रकलेच्या डिप्लोमाला नमुना म्हणून प्लास्टरचा एक पाय होता, दोन वर्षं तोच काढला. त्या पायाचेही उपकार आहेत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला ते एकटीला सांगायला हवं होतं. चारचौघांत केलं, ते चुकलं माझं."

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. "नक्कल तर मी केलीच होती ना, अण्णा."

"ती केलीच होतीस," अण्णा म्हणाले. "पण हरणं चांगली आली होती."

अण्णांनी पिशवीतून वही काढली. तिथल्या एका अटेंडंट बाईंनी आमच्याकडे बघून काय ओळखलं कोण जाणे, घडीचं स्टूल आणून दिलं. "पेन्सिल ओन्ली, लव्ह, नो पेन्स," एवढंच म्हणाल्या. त्या अनोळखी बाईंचे मी आजही मनात आभार मानते. एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेत अण्णा दीड तास बसले. चित्राच्या कोपऱ्यात पाटीवर भूमिती शिकवणारा एक गुरू वाकलेला आहे आणि त्याच्याभोवती पोरं झुकलेली आहेत, तेवढंच त्यांनी काढलं. खाली नियमाप्रमाणे तिघांची नावं: मूळ कोणाचं, नक्कल कोणाची, नकलेची नक्कल कोणाची. परतीच्या ट्रेनमध्ये ते इराच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

मंगळवारी ते कराडला गेले. त्यांचं चित्र आमच्या फ्रिजवर लागलंय. येता-जाता ते दिसायचं. गेल्या रविवारी मी इराची पेन्सिल घेतली आणि एकोणतीस वर्षांनी कागदासमोर बसले. वाकलेला गुरू, झुकलेली पोरं. पाटी तिरकी आली. खाली तीन नावं लिहिली, चौथं माझं लिहिलं आणि फोटो कराडला पाठवला.

अण्णांच्या लाल पेनाखाली आयुष्यभर कुणालाच "बरे"च्या वरचा शेरा मिळाला नाही. शंभरातल्या नव्वदांना तोही नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"बरे. गुरूची मान पुन्हा काढणे."